छीली छियांगशिन: फायदा मान्य, पण 'हृदयाची ऊर्जा वाढते' हे कशावरून?

निशिगंध:
हार्ट फेल्युअरसाठी, म्हणजे हृदय पुरेसं रक्त पंप करू शकत नाही तेव्हा, चीनमध्ये छीली छियांगशिन ही 11 घटकांची पारंपरिक कॅप्सूल देतात. जिनसेंग, दानशेन ही चिनी औषधी मुळी आणि आपल्या बचनागाच्या कुळातलं फूत्झं त्यात आहे. 2024 मध्ये 'नेचर मेडिसिन'ने तिची क्वेस्ट चाचणी छापली. 3110 रुग्ण, नेहमीची औषधं सगळ्यांना चालू, वर कॅप्सूल किंवा प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली नकली कॅप्सूल. हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअर बळावून भरती, हे प्लासिबो गटात 30 टक्के, कॅप्सूल गटात 25. हे मान्य. पण ती हृदयाचं ऊर्जा-चयापचय सुधारते, हा दावा उंदीर आणि पेशींवरच्या कामातून आलाय. क्वेस्टने मृत्यू आणि भरती मोजली, हृदयातलं एटीपी, म्हणजे पेशींचं ऊर्जा देणारं रसायन, नाही.

ताम्हण:
मग काय बिघडलं? विदरिंग या इंग्रज डॉक्टरने डिजिटॅलिस या वनस्पतिजन्य हृदयाच्या औषधावर 1785 मध्ये लिहिलं, ते पेशींच्या आवरणातल्या ज्या सोडियम-पोटॅशियम पंपावर काम करतं तो 1957 मध्ये सापडला. तोवर रुग्णांनी थांबायचं होतं का? हृदय दिवसाला साधारण 6 किलो एटीपी बनवतं आणि लगेच खर्चही करतं, बहुतांश चरबी जाळून. फेल्युअरमध्ये मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाकेंद्रं, बिघडतात, एटीपी साधारण 30 टक्क्यांनी घटतं. हातातली बरीचशी औषधं हृदयावरचा भार हलका करतात. या मूळ तुटवड्यावर थेट औषध जवळपास नाहीच. म्हणून मला हे संशोधन मोलाचं वाटतं.

निशिगंध:
संशोधन जरूर करा, सिद्ध झालं म्हणू नका. इटोमॉक्सिर हे हृदयाचं चरबी जाळणं कमी करणारं औषधही चयापचयाच्याच तर्कावर आलं होतं. यकृताची एन्झाइम्स वाढली आणि माणसांवरची चाचणी मध्येच थांबवावी लागली.

रानवाट:
दोघांनाही एक कळकळीची विनंती, घरी रुग्ण असलेली माणसंही हे वाचतायत. दानशेनमुळे वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. फूत्झंवर नीट प्रक्रिया झाली नसेल तर त्यातलं अ‍ॅकोनिटिन हे विष ठोके बिघडवून जीव घेतं. शिवाय क्वेस्टमध्ये एसजीएलटी2 गटातल्या गोळ्या (मूळच्या मधुमेहाच्या, आता हार्ट फेल्युअरमध्येही देतात) फार थोड्यांना चालू होत्या आणि एकूण मृत्यूंमधला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. ऑनलाइन मागवून परस्पर सुरू करू नका.

ताम्हण:
परस्पर घेऊ नये, शंभर टक्के सहमत. पण चाचणीतल्या प्रमाणित कॅप्सूलचे दुष्परिणाम प्लासिबोइतकेच होते, हेही सांगा. आणि निशिगंध, एमआर स्पेक्ट्रोस्कोपी या एमआरआयसारख्या तपासणीने जिवंत हृदयातलं फॉस्फोक्रिएटिन (ऊर्जेचा राखीव साठा) आणि एटीपीचं गुणोत्तर मोजता येतं. कॅप्सूलच्या आधी आणि नंतर, प्लासिबो ठेवून मोजलं आणि ते वाढलेलं दिसलं, तर मानाल?

निशिगंध:
मानेन. आणि नाही वाढलं, तर 'हृदयाची ऊर्जा वाढते' ही भाषा सोडायला तुम्हीही सांगा.