गल्ला कुणाच्या खिशात?
फुटबॉलपटूंच्या पगाराचा विषय निघाला की ‘चेंडूला लाथा मारायचे आठवड्याला लाखो पौंड कशाला?’ असं कुणीतरी विचारतंच, त्यावर थोडं. इंग्लंडमध्ये १९६१ पर्यंत खेळाडूंच्या पगाराला कमाल मर्यादा होती, आठवड्याला २० पौंड! मैदानं तेव्हाही खचाखच भरायची, गल्ला मात्र क्लबच्या मालकांकडे. टॉम फिनीसारखा अव्वल खेळाडू प्लंबिंगचा धंदा सांभाळून खेळायचा. (तुंबलेला नळ काढायला दारात फिनी उभा, कल्पना करा!) जिमी हिलच्या नेतृत्वाखालच्या खेळाडूंच्या संघटनेनं संपाची धमकी दिली तेव्हा कुठे ती मर्यादा उठली. फुलहॅम क्लबच्या जॉनी हेन्सला मग आठवड्याला १०० पौंड मिळू लागले. आता सामने टीव्हीवर दाखवायचे हक्क अब्जावधी पौंडांना विकले जातात. तो पैसा खेळाडूंना नाही द्यायचा तर कुणाला? पगार कापले म्हणून तिकीट स्वस्त होईल असं मला तरी वाटत नाही.