किचनला अंडरफ्लोअर हीटिंग: पाण्याचं की इलेक्ट्रिक? (इंग्लंड) तातडीने सल्ला हवाय

खारीबिस्कीट
नमस्कार मंडळी. आम्ही रेडिंगला राहतो, १९३०च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड घर. मागे किचन-डायनिंगचं एक्स्टेन्शन चाललंय, २२ चौरस मीटर. जमिनीचा काँक्रीटचा स्लॅब पुढच्या आठवड्यात ओतणार आणि बिल्डर म्हणतो फरशीखाली हीटिंग हवं असेल तर आत्ताच सांगा, नंतर माझ्याकडे येऊ नका. वर टाइल्स येणार. शिवाय वरची बाथरूम नवीन करतोय, ४ चौ.मी.ची. बजेट दोन्ही मिळून ३,००० पौंड, त्याच्या वर खरंच जमणार नाही. घर तापवायला गॅस बॉयलर आहे, जुना आहे. सासूबाई थंडीत येऊन राहतात, त्यांचे गुडघे दुखतात आणि घरात अनवाणीच वावरायची सवय, म्हणून हा सगळा खटाटोप. कोणी केलंय का?

चिंचगूळ
इलेक्ट्रिक मॅट, डोळे झाकून. आम्ही लेस्टरला किचनला घातली, जाळीवर वायर असते, अंथरली, वर टाइल, झालं. अर्ध्या तासात फरशी कोमट. थंडीत इडलीचं पीठ रात्री फरशीवर ठेवते, सकाळी पातेल्याच्या काठापर्यंत आलेलं असतं. ओव्हनमध्ये दिवा लावून ठेवायची कटकट गेली.

तांबडा_पांढरा
मी जर्मनीत, श्टुटगार्टजवळ. इथे नव्या घरात पाण्याचंच असतं, दुसरा विचारच कोणी करत नाही. फरशीखालच्या पाइपांत पाणी फक्त ३५ डिग्रीच्या आसपास फिरतं आणि अख्खं घर उबदार, भिंतीला एक रेडिएटर (गरम पाण्याचं पॅनेल) नाही, सोफा कुठेही ठेवा. ताई, तुम्ही नुसतं किचन का करताय, पूर्ण तळमजला उकरून एकदाच करून टाका ना. आयुष्यात एकदाच होतं हे काम.

खारीबिस्कीट
पुढच्या खोल्यांना जुनी लाकडी जमीन आहे हो, खाली पोकळी. आणि ३,००० पौंड.

तांबडा_पांढरा
बजेट थोडं ताणा. आमच्या शेजाऱ्यांनी जुन्या घरात स्क्रीडमध्ये (फरशीखालच्या वाळू-सिमेंटच्या थरात) चर मारून पाइप घातले, दोन दिवसांत काम. धूळ मात्र भयंकर.

पेठेतला
आम्ही पुण्यात डिसेंबरात सतरंजी टाकतो आणि पायमोजे घालतो, गुडघ्यांना तेवढं पुरतं. तरी विषय आवडला म्हणून लिहितो. श्रीनगरच्या मशिदींमध्ये हमाम असतात, दगडी फरशीखाली पोकळी आणि तिथे लाकडं जाळतात, लोक नमाजानंतर तासन् तास बसून असतात. कोरियात ओंडोल हीच कल्पना, पूर्वी चुलीचा धूर जमिनीखालून फिरवायचे, आता पाण्याचे पाइप आहेत आणि लोक अजूनही जमिनीवर गाद्या घालून झोपतात. म्हणजे जमिनीवर बसणाऱ्या माणसांनी शोधलेली गोष्ट आहे ही, आपल्याला तर चपखल.

आबा_टोरांटो
आमच्या बेसमेंटच्या स्लॅबमध्ये पाण्याचं आहे. सुख आहे, नातवंडं खालीच लोळतात. पण आमच्याकडे बाकी घराला गरम हवेची फर्नेस आणि डक्ट, त्याच डक्टमधून उन्हाळ्यात एसी. फरशीतल्या पाइपने एसी होत नाही, म्हणजे दोन दोन यंत्रणा सांभाळा. आणि एक सांगून ठेवतो, दाराचा स्टॉपर बसवायला आलेल्या सुताराने थेट पाइपमध्ये भोक पाडलं. पाइप नेमका कुठून गेलाय ते कोणालाच ठाऊक नव्हतं. फरशी फोडावी लागली.

चिंचगूळ
आबा, रेडिंगला एसी कोण लावतंय?

आबा_टोरांटो
आता तिकडेही उन्हाळे तापायला लागलेत. २०२२ च्या जुलैत इंग्लंडात ४० च्या वर पारा गेला होता. विसरलात?

तांबडा_पांढरा
आबांशी सहमत, पण त्यावर उपाय आहे, हीट पंपाने (बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं विजेचं यंत्र, उलटंही चालतं) उन्हाळ्यात पाइपात गार पाणी फिरवता येतं.

पान्हा_पक्कड
एसीचं दुसऱ्या धाग्यावर बोला, बाईंचा स्लॅब पुढच्या आठवड्यात आहे. मी इंग्लंडात हीटिंगचंच काम करतो, सरळ हिशेब सांगतो.

२२ चौ.मी. पैकी कॅबिनेट, फ्रीज, आयलंडच्या खाली काही घालायचं नसतं, म्हणजे तापणारी जागा धरा १६. मॅट १५० वॅट प्रति चौ.मी., म्हणजे २.४ किलोवॅट. थंडीत दिवसाला पाच तास पूर्ण ताकदीने चालली तर १२ युनिट, युनिटला २६ पेन्स धरले तर तीन पौंडांच्या वर, रोज. तेवढीच ऊब गॅसने केली तर बॉयलरचा लॉस धरूनही पौंडाच्या आत. इथे विजेचं युनिट गॅसच्या जवळपास चौपट आहे हे विसरून लोक मॅट घेतात आणि जानेवारीचं बिल बघून बंद करून ठेवतात.

म्हणून नवीन स्लॅब असेल तर पाण्याचंच. स्लॅबवर पीआयआर इन्सुलेशन (कडक फोमचे बोर्ड), १००-१२० मिमी, त्यात काटकसर करू नका, नाहीतर खालची माती तापवत बसाल. कडेने भिंतीला फोमची पट्टी. १६ मिमीचा पाइप, १५० मिमी अंतराने, एक लूप (पाइपचं सलग वेटोळं) १०० मीटरच्या आत. वर वाळू-सिमेंटचं स्क्रीड ६५-७५ मिमी. बिल्डरला ही जाडी आजच सांगा, कारण जुन्या घराच्या जमिनीशी लेव्हल जुळली नाही तर दाराशी कायमची पायरी. स्क्रीड वाळायला मिलिमीटरला साधारण एक दिवस धरा, घाईने हीटिंग लावून वाळवू नका, तडे जातात.

बाथरूमला मात्र मॅट चालेल. मोकळी जागा २ चौ.मी. म्हणजे ३०० वॅट, चार तासांना तीसेक पेन्स. फक्त वायर कधीही कापायची नाही, वळवायला जाळी कापतात. टाइल लावायच्या आधी आणि नंतर मीटरने रेझिस्टन्स मोजून लिहून ठेवायचा. आणि जोडणी नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनकडून, आरसीडी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच) असलेल्या सर्किटवर. बाथरूमचं वीजकाम पार्ट पी, म्हणजे घरातल्या वीजकामाच्या सुरक्षेच्या बांधकाम नियमाखाली येतं.

चिंचगूळ
माझं बिल इतकं येत नाही. आमचं किचन छोटं आहे हे मान्य.

निळी_छत्री
बाथरूमला मॅट घ्याच घ्या. आमच्याकडे आहे. एक सूचना, वर जाड पायपुसणं पसरून ठेवू नका, खाली उष्णता कोंडते.

पेठेतला
म्हणजे सतरंजीही नाही? मग सासूबाई पूजेला कशावर बसणार?

पान्हा_पक्कड
पातळ चटई चालते. जाड गालिचा, बीन बॅग, गादी हे मॅटवर नको. आणि फरशी २९ डिग्रीच्या वर तापवायची नसते, इंजिनिअर्ड लाकूड असेल तर २७. तळव्यांना गरम लागणार नाही, नुसतं गार लागायचं थांबेल. सासूबाईंना आधीच सांगा, शेक मिळेल अशी अपेक्षा नको.

तांबडा_पांढरा
मीही पाण्याचंच म्हणालो होतो, सगळ्यात आधी.

निळी_छत्री
आणि पाण्याचं लवकर तापत नाही हेही सांगा कोणीतरी. स्क्रीड तापायला दोन-चार तास जातात. सकाळी उठून बटण दाबलं असं होत नाही, मंद आचेवर चालूच ठेवायचं. माझी वहिनी रोज बंद-चालू करते आणि रोज कुरकुरते.

खारीबिस्कीट
सगळ्यांचे खूप आभार, विशेषतः पान्हा_पक्कड यांचे. बिल्डरकडून कोटेशन आलं. पाइप, इन्सुलेशन, स्क्रीड जमतंय, पण मॅनिफोल्ड (सगळे लूप जिथे जोडतात तो जोड), पंप, मिक्सिंग व्हॉल्व्ह (गरम पाण्यात गार मिसळणारा), थर्मोस्टॅट आणि प्लंबरची मजुरी धरली की बजेटच्या बरंच वर जातंय. म्हणून ठरवलं की पाइप आत्ता घालायचे, प्रेशर टेस्ट करून तोंडं बंद करून कपाटामागे ठेवायची, आणि सध्या किचनला एक मोठा रेडिएटर. बॉयलर बदलायला येईल तेव्हा हीट पंप घेऊ, ७,५०० पौंडांचं सरकारी अनुदान आहे त्याला, तेव्हा जोडू. ३५-४० डिग्रीच्या पाण्यावर फरशी चालते म्हणजे तेव्हा तयारी असेल. बाथरूमला मॅट नाही, टॉवेल रेल (टॉवेल टांगायच्या गरम नळ्या) पुरेल. तोपर्यंत सासूबाईंना मऊ सपाता.

चिंचगूळ
अगं, बाथरूमची तरी घे! तीस पेन्सचा तर प्रश्न आहे.

तांबडा_पांढरा
पाइप घालून वापरायचे नाहीत हे मला अजिबात पटलेलं नाही. आणखी थोडे पैसे जमवून आत्ताच जोडा.

आबा_टोरांटो
स्क्रीड टाकायच्या आधी टेप लावून फोटो काढ पोरी. भिंतीपासून प्रत्येक पाइप किती अंतरावर आहे ते दिसलं पाहिजे.

पान्हा_पक्कड
चालेल असं. फोटोचं आबा म्हणतात ते नक्की कर. स्क्रीड टाकताना पाइप ६ बारला प्रेशरमध्येच असू दे, कोणी फावडं मारलं तर प्रेशरचा काटा लगेच खाली येईल. घर अजून उघडं असेल आणि रात्री गोठायची शक्यता असेल तर टेस्ट पाण्याऐवजी हवेने करायला सांग. मॅनिफोल्डच्या जागेशी विजेचा एक पॉइंट आणि बॉयलरपासून फ्लो-रिटर्नसाठी (पाणी जायच्या-यायच्या पाइपांसाठी) मोकळी वाट आत्ताच ठेवून घे, नाहीतर नंतर नव्या टाइल्स फोडाव्या लागतील. आणि पाइप ऑक्सिजन बॅरियरचाच (हवेतला ऑक्सिजन पाण्यात शिरू न देणारा) आहे ना, ते बिलावर बघ.

खारीबिस्कीट
पॉइंटचं लक्षातच आलं नव्हतं, बिल्डरला लगेच मेसेज टाकते. पाइपचं बिल उद्या येईल.