नावं कोरलेली भांडी

गेलेल्या माणसाच्या वस्तूंचं काय करायचं, असं विचारलं की लोक सांगतात, फोटो काढून ठेवा आणि वस्तू देऊन टाका. हा सल्ला पत्रांना, प्रगतिपुस्तकांना चालतो. मीही तेच केलं. पण आई गेल्यावर माळा उतरवला तेव्हा खरी पंचाईत केली ती पितळेच्या भांड्यांनी. प्रत्येकावर टिंबाटिंबांनी कोरलेलं, 'चि. सौ. कां. हिस सप्रेम भेट', खाली आहेर देणाऱ्या मामा-आत्याचं नाव आणि तारीख, 1968. मोडीत द्यायला गेलो, तर दुकानदाराने नावाकडे ढुंकूनही न बघता तराजूत टाकली. त्याचं बरोबरच होतं म्हणा. एक घागर मात्र मी परत उचलून आणली. तिच्यात आता छत्र्या ठेवतो.

लुगड्यांचं चांगलं जमलं. नऊवारी म्हणजे साधारण आठ मीटर कापड, त्यात सुती आणि धुऊन धुऊन मऊ झालेलं. बोहारणीला दिली असती तर एखादं पातेलं मिळालं असतं. त्याऐवजी ओळखीच्या मावशींकडून दोन गोधड्या शिवून घेतल्या. एक बहिणीकडे गेली. माझ्या गोधडीच्या एका कोपऱ्यात हिरवा काठ आला आहे, मुलगा झोपताना तोच हातात धरतो.

शालू मात्र हातातून गेला. वर्षानुवर्षं एकाच घडीत होता, उलगडला तर घडीवरच चिरलेला. जरीचं काही ठेवणार असाल तर सुती कापडात गुंडाळा आणि अधूनमधून घडी मोडा.

तिचा चष्मा अजून खणात आहे. त्याचं काय करायचं ते नका विचारू.