डिसेंबरात जैसलमेर? आधी हे बघा
सांगलीहून चौघं मित्र गाडी काढून डिसेंबरच्या सुट्टीत जैसलमेरला आकाशगंगा कॅमेऱ्यात टिपायला निघालात, हेवा वाटला. पण डिसेंबर कशाला? आकाशगंगेचा मधला झगझगीत भाग धनु राशीत, आणि तेव्हा सूर्यही तिकडेच. रात्रभर जागलात तरी तो दिसायचा नाही. मृग नक्षत्र मात्र झकास मिळेल. आकाशगंगाच हवी तर मार्चची अमावास्या गाठा, पहाटे तीननंतर आग्नेयेला बघा.

जैसलमेरजवळ सम गावच्या वाळूत पर्यटकांच्या तंबूंचे दिवे फार, खुरी गावाकडे जरा बरं. लेन्स खोलीतच लावून निघा, वाळूत बदलायची नाही म्हणजे नाही. तारे ठिपक्यासारखे यावेत म्हणून शटर किती सेकंद उघडं ठेवायचं त्यासाठी ५०० ला लेन्सच्या एमएमने भागतात, २० एमएमला २५ सेकंद. हल्लीच्या जास्त मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात तेवढ्यातही तारे रेघेसारखे लांबतात, १५ सेकंदांवर थांबा.

जैसलमेरला निघण्याआधी सरावाची एक रात्र ठोसेघरच्या वर चाळकेवाडीच्या पठारावर काढाच. फोरग्राउंडला पवनचक्क्या आयत्या मिळतात आणि वारा असा की ट्रायपॉडला बॅग लटकवल्याशिवाय एक फ्रेम धड येत नाही. टॉर्च न लावता कॅमेऱ्याची बटणं हाताला सापडायला हवीत. एकदा उजेड पडला की डोळे अंधाराला सरावायला पुन्हा वीसेक मिनिटं गेली.

आणि गाडी चालवणाऱ्याला शूटच्या रात्री झोपू द्या, बाकीच्यांनी जागावं.