‘रणगाडा’ म्हणावे की ‘कॅरियर’? युद्धकाळातील छायाचित्रांतल्या गाड्यांची नावे

प्रश्न

आमच्या घरी आजोबांचे १९४४ सालचे एक छायाचित्र आहे. ते मराठा पलटणीतून इटलीच्या आघाडीवर गेले होते. छायाचित्रात ते एका बसक्या, वरून उघड्या लोखंडी गाडीच्या कडेवर कोपर टेकून उभे आहेत. गाडी पट्ट्यांवर चालणारी असून मागे ताडपत्री घातलेला एक ट्रक अर्धवट दिसतो. छायाचित्राच्या पाठीवर आजोबांच्या अक्षरात ‘ब्रेन क्यारेर’ एवढेच लिहिले आहे. घराण्याच्या स्मरणिकेसाठी चुलतभावाने त्याखाली ‘आजोबा आपल्या रणगाड्यासह’ अशी ओळ घातली आहे. ती मला खटकते, पण दुसरा नेमका मराठी शब्दही सुचत नाही. शिवाय येथे ‘ब्रेन’चा मेंदूशी काही संबंध असेल असे वाटत नाही. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

उत्तर १

आपल्याला ओळ खटकली हे योग्यच झाले, कारण येथे एका शब्दाने माणसाची पलटण बदलते. रणगाडे चिलखती दलाकडे असत. पायदळाच्या पलटणीकडे स्वतःचे रणगाडे नसत, पण तिची स्वतःची कॅरियर प्लाटून, म्हणजे कॅरियर गाड्यांची तुकडी, असे. ‘आपल्या रणगाड्यासह’ असे छापले, तर पुढची पिढी आजोबांना मराठा पायदळातून उचलून चिलखती दलात नेऊन बसवील आणि त्यांचा शोध भलत्याच कागदपत्रांत घेत राहील.

‘ब्रेन’चा मेंदूशी खरोखरच संबंध नाही. चेकोस्लोव्हाकियातील ब्रनो आणि इंग्लंडमधील एन्फील्ड या दोन गावांच्या नावांची पहिली दोन-दोन रोमन अक्षरे जोडून एका हलक्या मशीनगनला हे नाव दिले गेले. ती तोफखान्याची तोफ नव्हे. दोन पायांच्या टेकूवर ठेवून एका जवानाला चालवता येईल अशी ती बंदूक होती. तिला आणि तिच्या जवानांना वाहून नेणारी गाडी ती ब्रेन कॅरियर. पुढे याच गाडीची सुधारलेली, सर्व कामांची आवृत्ती निघाली आणि तिचे अधिकृत नाव ‘युनिव्हर्सल कॅरियर’ झाले, तरी जवानांच्या तोंडी जुनेच नाव राहिले. आजोबांचे ‘क्यारेर’ हे लेखन अशुद्ध समजून दुरुस्त करू नये. पलटणीत तो शब्द कसा उच्चारला जात होता, याचा तो पुरावा आहे.

छायाचित्रातून खात्री करायची असेल तर भिंग घेऊन खालची चाके मोजावीत. या कॅरियरला प्रत्येक बाजूस जमिनीलगत तीनच चाके असतात. पुढची दोन एकाच जोडणीत आणि तिसरे मागे, थोडे अंतर सोडून सुटे. एवढे दिसले की फारशी शंका उरत नाही. तिला छप्पर नसते, फिरता टरेट, म्हणजे तोफ बसवलेला वरचा घुमट, तोही नसतो, आणि उभ्या माणसाच्या छातीच्या आसपास तिची कड येते. म्हणूनच आजोबांना कोपर टेकवता आले. रणगाड्याच्या कडेवर असे सहज कोपर टेकवून दाखवावे!

‘पट्टा’ या शब्दाबद्दलही थोडे लिहितो. पट्टा म्हटला की डोळ्यासमोर गिरणीतला सलग, लवचीक पट्टा येतो. गाडीखाली असते ती पोलादी कड्या खिळींनी जोडून केलेली साखळी. आपल्याकडे पोकलेन चालवणारे तिला सरळ ‘चेन’ म्हणतात. मला तोच शब्द पटतो, कारण तो यंत्राजवळ रोज वावरणाऱ्यांचा आहे.

उत्तर २

वरील उत्तरातील माहिती मान्य करूनही शब्दाबाबत मी थोडा वेगळा विचार मांडतो. ‘रणगाडा’ याचा सरळ अर्थ रणातला गाडा. मग कॅरियरला रणगाडा म्हटले तर भाषेच्या दृष्टीने बिघडले काय? वृत्तपत्रांत तर चेनवर चालणारे आणि हिरवे रंगवलेले जे जे दिसेल, ते सारे रणगाडाच असते.

उत्तर १

शब्दाचे घटक आणि शब्दाचा अर्थ यांत फरक असतो. ‘फराळ’ हा ‘फलाहार’ वरून आला, म्हणून दिवाळीच्या फराळाला कोणी केळी-पेरू मांडत नाही, चकलीच मांडतात. तसेच ‘रणगाडा’ हा शब्द मराठीत १९१६ साली सॉमच्या लढाईत प्रथम उतरलेल्या यंत्राच्या वंशाला रूढ झाला आहे. इंग्रजांनी त्या यंत्राला गुप्ततेसाठी पाण्याच्या टाकीचे नाव दिले होते. त्या मानाने आपला शब्द कितीतरी प्रामाणिक आहे, आणि म्हणूनच तो जपून वापरावा असे मला वाटते. चारी बाजूंनी आणि वरूनही चिलखत, खाली चेन, आणि तोफेसह फिरणारा टरेट ही तिन्ही लक्षणे छायाचित्रात दिसली, तर बेलाशक रणगाडा म्हणावे. चिलखत आहे पण खाली टायर आहेत, तर ‘चिलखती गाडी’ म्हणावे. पुढे टायर आणि मागे चेन असेल, तर तिला ‘हाफ-ट्रॅक’ म्हणतात. ‘अर्धचेनी’ वगैरे शब्द घडवण्याच्या भरीस पडू नये.

टरेटला काही जण ‘बुरूज’ म्हणतात. मला ते रुचत नाही, कारण आपल्या मनातला बुरूज गडाच्या तटात पक्का रुतलेला असतो. टरेट फिरतो, आणि वेळ पडली तर काढूनही ठेवता येतो. १९४८ साली काश्मीरमधील जोजिला खिंडीकडे स्टुअर्ट रणगाडे नेताना ते ओळखू येऊ नयेत म्हणून टरेट उतरवण्यात आले होते. त्या प्रवासातले छायाचित्र समोर आले, तर माझी वरची कसोटीही फसेल, हे मान्य करतो.

उत्तर ३

मागच्या ‘ट्रक’कडे कोणी पाहिले नाही, म्हणून लिहितो. मराठीत आपण ट्रक आणि लॉरी हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. त्या काळच्या ब्रिटिश आणि हिंदी सैन्यात मात्र एक टनापर्यंत माल नेणारी गाडी ती ट्रक आणि त्याहून मोठी ती लॉरी, असा काटेकोर भेद होता. तो गाडीवर रंगवलेल्या क्रमांकातही दिसे. ट्रकच्या क्रमांकाआधी ‘झेड’, लॉरीच्या आधी ‘एल’ आणि चेनवरच्या गाडीच्या आधी ‘टी’ हे रोमन अक्षर येई. आपल्या छायाचित्रात कॅरियरच्या अंगावर ‘टी’ने सुरू होणारा क्रमांक असेल, तर तो स्मरणिकेत अवश्य द्यावा. मात्र ‘टी’ म्हणजे टँक असे समजू नये. नाहीतर चुलतभावाच्या हाती आयता पुरावा लागेल.

मागच्या गाडीची समोरची काच दिसते का, हेही पाहावे. काचेची वरची कड पुढे झुकलेली असेल, म्हणजे काच आपल्या नेहमीच्या गाड्यांच्या उलट कललेली असेल, तर ती बहुधा कॅनडात बनलेली फोर्ड किंवा शेवरोले आहे. उन्हाची चमक वर उडणाऱ्या विमानांना दिसू नये म्हणून ती काच तशी बसवत. केवळ ताडपत्रीवरून काहीच ठरवता येत नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. भिंगातून पाहिले. चाके तीनच आहेत, मागचे सुटे आहे. कडेवर ‘टी’ स्पष्ट आहे. त्यापुढचे आकडे आजोबांच्या कोपराखाली गेले आहेत. मागच्या गाडीची काच चौकटीबाहेर राहिली असल्याने तिच्याविषयी ओळीत काही लिहीत नाही. ओळ अशी करतो: ‘पलटणीच्या ब्रेन कॅरियरजवळ आजोबा, इटली, १९४४’. आणि छायाचित्राची पाठही शेजारी छापतो, ‘क्यारेर’सकट.