घरचा व्हाइटबोर्ड: सनमायका की काच?

पाटीपेन्सिल:
मुलांच्या गणितासाठी ३ × २ फुटांचा बोर्ड घरीच करायचाय. डायनिंग टेबलावर घालतात ते पारदर्शक प्लास्टिक पुठ्ठ्यावर ताणून पाहिलं, पण दोन दिवसांत निळे डाग पुसेनात. मार्कर बदलू की बोर्ड?

रंधा:
बोर्ड. ते प्लास्टिक म्हणजे मऊ पीव्हीसी, शाई त्यात मुरते. पांढरा ग्लॉसी सनमायका घ्या, १ मिमी जाडीचा. मॅट किंवा खरखरीत फिनिश फुकट दिलं तरी नको, बारीक खळग्यांत शाई अडकते. ८ × ४ च्या शीटमधून असे पाच बोर्ड निघतात, तेव्हा सुताराकडे उरलेला तुकडा मागा. त्यावर रेघ मारून एक दिवस ठेवा, कोरड्या कापडाने गेली तरच पुढचा खर्च.

खाली १२ मिमी एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी. सनमायका चारी बाजूंनी ३ मिमी जास्त कापा. पांढरा फेविकॉल दातेरी पट्टीने पातळ पसरा, मधून कडेकडे दाबत हवा काढा, वर सपाट फळी आणि वजन ठेवून रात्रभर सोडा. गोळे राहिले तर तिथे फुगवटा येतो. कडा कानशीने घासताना हात खालच्या दिशेनेच. वर ओढलात की कपचा उडाला. वरची प्लास्टिक फिल्म सगळं झाल्यावर काढा.

गुण्या:
मागची बाजू राहिली! एकाच बाजूला सनमायका असेल तर दोन्ही बाजू ओल सारख्या घेत नाहीत, पावसाळ्यात बोर्डाला बाक येतो. मागेही तेवढ्याच जाडीचा कुठलाही स्वस्त तुकडा चिकटवा.

पाटीपेन्सिल:
आणि काच?

रंधा:
पुसायला काचेसारखं काही नाही. पण ५ मिमीची एवढी काच साधारण ७ किलो भरते, नुसत्या दुहेरी टेपवर टांगू नका. मुलांच्या खोलीत टफन्डच (तापवून मजबूत केलेली) हवी. भोकं आणि माप आधीच सांगा, टफन केल्यावर ती कापता येत नाही. मागून पांढरा रंग द्या, नाहीतर अक्षरांची सावली भिंतीवर पडून डोळे दुखतात.

गुण्या:
चुकून परमनंट मार्कर चालवला तर त्याच रेघांवर व्हाइटबोर्ड मार्कर गिरवून ओलं असतानाच पुसा. राहिलं तर कापडावर थोडं स्पिरिट. भांड्यांची घासणी मात्र लावू नका, चरे पडले की डाग तिथेच बसतात.