आईनं स्वतःला जपलं, तर ते दिव्यांग मुलाच्या मनापर्यंत पोहोचतं कसं?

टिपणवही: दिव्यांग मुलांच्या आयांसाठी सहा आठवड्यांचा गट आखतेय. श्वसन, चालणं, मन मोकळं करणं यादीत आहेच. पण यातलं मुलाच्या चिंतेवर, चिडचिडीवर नेमकं काय उतरतं? आणि कुठे फसतं?

पाऊलखूण: आधी चाळणी लावा. पीएचक्यू-९ (नैराश्य तपासणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली) भरून घ्या. जास्तीत जास्त गुण २७. १० किंवा जास्त आले तर डॉक्टरांकडे पाठवा. नवव्या प्रश्नाला (जीव नकोसा होणं) शून्याखेरीज काहीही उत्तर आलं, तर त्याच दिवशी बोला. नैराश्याला श्वसनावर भागवू नका. २००६ च्या एका अमेरिकी अभ्यासात आईचं नैराश्य औषधानं तीन महिन्यांत उतरलं तिथे मुलांमधली मानसिक निदानं ११ टक्क्यांनी घटली. उतरलं नाही तिथे ८ टक्क्यांनी वाढली. ती मुलं दिव्यांग म्हणून निवडलेली नव्हती, हे मात्र गटात सांगा.

हळूहात: माझ्या मते सगळ्यात थेट वाट हाताची. सेरेब्रल पाल्सीच्या (लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचालींवर परिणाम होणं) ताठर स्नायूंच्या प्रकारात स्नायू जितक्या झटक्यानं ताणाल तितके जास्त आवळतात. घाईतली आई बाही ओढते, हात आणखी कडक होतो, मूल रडतं, आई अजून घाई करते. रोज दोनदा कपडे बदलताना हेच झालं की मूल सदरा दिसताच अंग चोरतं.

म्हणून श्वसन तिथेच बांधा. दोन्ही तळवे मुलावर नुसते टेकवायचे, तीन श्वास: ४ मोजत आत, ६ मोजत बाहेर. मग "आता हा हात" म्हणायचं आणि पाच सेकंद थांबायचं. जास्त कडक हात आधी बाहीत; काढताना तोच शेवटी. सराव मात्र एरवी, निवांत वेळी, पाच मिनिटं. मूल किंचाळत असताना पहिल्यांदा करायला गेलं तर जमत नाही. आणि मुलाला "दीर्घ श्वास घे" म्हणू नका, त्या क्षणी ती आणखी एक मागणी होते. शब्द कमी, आवाज खाली.

टिपणवही: आणि आईची स्वतःची सुट्टी? ती बाहेर पडली की मूल बिथरतं, म्हणून बऱ्याच जणी सोडूनच देतात.

उंबरठा: बिथरतं ते बहुधा आई गुपचूप सटकते म्हणून. मग पुढच्या वेळी ते पदरच सोडत नाही. तीन चित्रं लावा: आई जाते, अमुक जवळ आहे, आई येते. सुरुवात १० मिनिटांची, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. सांभाळणारं माणूस पहिले काही दिवस आई घरात असतानाच सोबत बसवा. १० सांगून ४० मिनिटांनी आली की चित्रांवरचा विश्वास गेला.

सांभाळणाऱ्याला एक पान लिहून द्या: भूक, दुखणं, शी-शू मूल कसं सांगतं, औषधाच्या वेळा, आणि फिट ५ मिनिटांवर गेली तर रुग्णवाहिका. हे पान नसेल तर आई बाहेर बसून फोनच बघत राहते. ती कसली सुट्टी!

पाऊलखूण: झोपेचं राहिलं. मूल रात्री उठत असेल तर पाळ्या लावा, आईला सलग चार-पाच तास मिळू देत. तुकड्यातुकड्यांची झोप झालेल्या माणसाकडून सकाळी हळू हाताची अपेक्षा फोल आहे.

हळूहात: एक सावधगिरी. मूल अचानक बदललं तर आधी दात, कान, बद्धकोष्ठ, नवं औषध बघा. आईच्या मनःस्थितीवर खापर नंतरसुद्धा नको. थंड आईमुळे मूल स्वमग्न होतं, हा सिद्धांत कधीच मोडीत निघालाय. काही घरांत अजून चालतो.